नवमीला न लागलेला दिवा

खंडेनवमीच्या दिवशी चामराजपेटेत कुणाला भिंतीत साधा खिळा ठोकायचा असला तरी तो दसऱ्यावर ढकलावा लागतो. सुताराचा रंधा, शिंप्याची कातर, न्हाव्याचा वस्तरा, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू लावलेलं. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस सुट्टी, यात वाईट काय? काहीच नाही. पण अडचणी काही पंचांग बघून येत नाहीत, आणि रघुपतीची अडचण तर जणू नवमी बघूनच आली.

रघुपती म्हणजे जीपवाला रघुपती. घराणं जुनं, शहाजीराजांच्या मागून बेंगळुरात आलेलं. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि दारात कन्नड. बाकीचे सगळे कारकून नाहीतर मास्तर झाले. ह्यानं मात्र लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली एक जीप घेतली, जुन्या लॉरीच्या आसावर लोहाराकडून एक ट्रेलर बांधून घेतला आणि भाड्यानं माल वाहायला लागला. भाऊबंदांनी नाकं मुरडली. रघुपती म्हणाला, मुरडा, तुमची नाकं आहेत. स्वभावानं असा रोखठोक, पण थोरल्या बहिणीपुढं मात्र गोगलगाय.

ही थोरली बहीण म्हणजे गोदूबाई. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. भावाच्या घरात राहीन, पण भावाच्या जिवावर जेवणार नाही, हा तिचा बाणा. म्हणून परसात एक गाय, आणि गल्लीतल्या घरांना त्या गाईचं दूध. गाईचं नाव तुंगा. तुंगेची आई व्यायल्यावर मेली, तेव्हा गोदूबाईनं कापडाचा बोळा दुधात बुडवून बुडवून हिला जगवली. पोटी पोर नाही, बोलायला माणूस नाही, ती सगळी माया त्या गाईवर. तुंगासुद्धा अशी की गोदूबाईचा खोकला ऐकला तरी दावं ताणून उभी राहायची.

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी ह्याच नवमीला रघुपतीला आनेकलहून रागीची, म्हणजे नाचणीची, पोती आणायचं भाडं आलं. निघताना जीपच्या चाकाचा नट ढिला निघाला. त्यानं पूजेच्या पाटावरून पाना उचलला, नट आवळला आणि पाना परत कुंकवात ठेवून दिला. ट्रेलरला तेव्हा दिवा नव्हता. येताना काळोख पडला म्हणून पिराजी नावाचा हमाल पोत्यांवर कंदील धरून बसला. रस्त्याच्या धक्क्यांनी तो कंदील विझला की काचेवर धूळ बसली, कुणास ठाऊक. मागून आलेल्या लॉरीला ट्रेलर दिसलाच नाही. पिराजी जागच्या जागी गेला.

त्या एका मरणातून बहीणभावानं दोन वेगळे धडे घेतले. रघुपती म्हणाला, कंदिलावर विसंबलो म्हणून माणूस गेला. त्यानं ट्रेलरला मागं विजेचा तांबडा दिवा बसवला, जीपपासून तार ओढली आणि शपथ घेतली, दिवा लागत नसेल तर काळोखात ट्रेलर न्यायचा नाही. गोदूबाई म्हणाली, पूजेतला पाना उचलला म्हणून माणूस गेला. तिनंही घरात सांगून टाकलं, आपण जिवंत असेतो नवमीला हत्याराला हात लागणार नाही. दोघांचंही खरंच होतं म्हणा, ज्याचं त्याच्यापुरतं.

तर आपल्या गोष्टीच्या साली नवमी आली. रघुपतीनं आधीचे दोन दिवस जीप-ट्रेलर धुऊन पुसून काढले होते. ट्रेलरला नवा हिरवा रंग दिला, तोही हात राखून नव्हे. फळ्या, चाकं, पुढची ओढायची कडी, दिव्याची पट्टी, जिथं लोखंड दिसलं तिथं ब्रश फिरवला. शेजारीपाजारी म्हणाले, नवरीसारखा नटवलास रे. सकाळी जीपपुढं कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूच्या माळा घातल्या. पाने, पकडी, पेचकस असं सगळं ओसरीवर पाटावर मांडलं. त्यांच्याच शेजारी घरातली विळी, सुरी आणि कातर. कमला, म्हणजे रघुपतीची बायको, आदल्या दिवशीच भाजी चिरून मोकळी झाली होती.

दुपारची जेवणं उरकली आणि तुंगेला कळा सुरू झाल्या.

बराच वेळ झाला तरी वासरू येईना. जवळच्या गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर शेजारीच राहायचा. तो आला, बाह्या सारून त्यानं तपासलं आणि मान हलवली. "वासरू आडवं आलंय अम्मा. माझ्या हातातलं नाही हे. हेब्बाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरांना आज जागा सोडता येत नाही, म्हणून गायच न्यायला हवी. गेलात तर वाचेल, पण रात्र होऊ देऊ नका."

गोदूबाईनं रघुपतीकडं नुसतं बघितलं. तो आधीच जीपकडं धावला होता.

पोटात वासरू अडकलेली गाय ट्रेलरमध्ये चढवणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. फळ्या लावल्या, गवत अंथरलं, गोदूबाई पुढून हाका मारतेय, गल्लीतली माणसं मागून रेटतायत. तुंगा दोन पावलं चढायची, थरथरायची, परत खाली. शेवटी गोदूबाई स्वतःच ट्रेलरमध्ये जाऊन बसली आणि "ये ग बाई, मी आहे" म्हणाली, तेव्हा ती चढली. तोवर उन्हं कलली होती. तुंगा धड उभी राहावी म्हणून जीप बैलगाडीच्या चालीनं न्यावी लागणार, आणि हेब्बाळकडं जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्याला लागेतो काळोख होणार, हे उघड होतं.

रघुपतीनं ट्रेलर जीपला अडकवला, तारेचा प्लग बसवला आणि दिव्याचं बटण दाबलं. कमला मागं उभी होती. ती म्हणाली, "अहो, लागला नाही."

"नीट बघ."

"बघतेय की. जीपचा लागलाय, ट्रेलरचा नाही."

रघुपतीनं प्लग काढून फुंकला, परत बसवला. काही नाही. तार हलवून बघितली, पिळून बघितली. काही नाही. मग दिव्यावर चापट मारली, जी आपण सगळेच मारतो आणि जिचा कधी उपयोग होत नाही. डोकं मात्र चालत होतं. जीपकडच्या तारेचं टोक त्यानं जीपच्या लोखंडाला हलकेच टेकवून बघितलं तर ठिणगी आली. म्हणजे जीपकडून वीज येत होती. आता राहिला बल्ब. बल्ब काढायचा तर काचेचे दोन स्क्रू काढायचे, आणि पेचकस पाटावर. त्यानं नाणं घालून बघितलं, ते गरगर फिरलं. कमलेनं धावत जाऊन उलथनं आणलं. उलथन्याच्या दांड्यानं, बोटं सोलून घेत, त्यानं ते स्क्रू कसेबसे काढले. बल्ब जीपच्या दिव्यात घालून बघितला. झकास लागला.

बल्ब चांगला, वीज येतेय, मग घोडं पेंड कुठं खातंय? बल्ब परत ट्रेलरवर आणून त्यानं बूड तारेला लावलं आणि अंग दिव्याच्या पट्टीला टेकवलं. नाही लागला. बल्ब आणि काच परत जागच्या जागी बसवून टाकली. मग दुसरं काय असणार? तार. पट्टीखालच्या नळीतून तार येते, ती आत कुठंतरी तुटली असणार. नळीचे नट काढा, तार ओढा, जोडा. पाना आणि पकड हातात असती तर विडा लावून होईतो काम झालं असतं.

तो ओसरीकडं वळला. ट्रेलरमधून गोदूबाईचा आवाज आला.

"रघू, कुठं चाललास?"

"अक्का, तार तुटलीय आत. पकड लागेल."

"नाही."

"अक्का, तुंगेसाठीच म्हणतोय मी."

"म्हणूनच नाही म्हणतेय. मागल्या खेपेला पिराजी गेला. ह्या खेपेला काय हिला न्यायची आहे? कळकळीनं सांगते रघू, त्या पाटाला हात लावू नकोस. तू दुसरं काहीही कर."

दुसरं काहीही. रघुपतीनं शेजाऱ्याची सायकल घेतली आणि परसू मेस्त्रीच्या गॅरेजकडं सुटला. गॅरेजला कुलूप, उंबऱ्यावर फुटलेला कोहळा आणि केळीचे खुंट. परसू बायकामुलांसकट म्हैसूरला दसरा बघायला गेला होता. पुढच्या गॅरेजलाही कुलूप. त्याच्या पुढच्या दुकानात मालक होता, पण त्याची हत्यारंही पाटावर, आणि त्यानं हात जोडले. "आज तेवढं सांगू नका अण्णा. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की धावत येतो." अख्ख्या शहरात एवढं लोखंड, आणि एका माणसाला एक पकड मिळेना. लॉरी मिळते का तेही त्यानं बघितलं. लॉऱ्या हारतुरे घालून ओळीनं उभ्या होत्या आणि ड्रायव्हर आपापल्या गावी.

परत आला तेव्हा तुंगेचा श्वास गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता. गोदूबाई तिच्या मानेखाली हात घालून बसली होती. तिचं लुगडं घामानं चिंब झालं होतं, तिच्या की गाईच्या, सांगता येत नव्हतं.

"मिळालं का कुणी?"

रघुपतीनं मान हलवली.

"मग तसाच चल. मी कंदील धरून बसते मागं."

"पिराजीनंही कंदीलच धरला होता अक्का."

"मी घट्ट धरीन."

"त्यानं काय सैल धरला होता?" रघुपतीचा आवाज चढला. "तुला त्या काळोखात मागं बसवून मी नेऊ? उद्या तुला पोत्यात घालून आणायची वेळ आली तर मी कुणाचं तोंड बघू? मला पकड घेऊ दे. नाहीतर तू खाली उतर."

"मी उतरले तर ती उभी राहील का एक क्षण तरी?"

खरंच होतं ते. गोदूबाईचा हात सुटला की तुंगा गुडघे टेकायची.

तो ओसरीपाशी जाऊन उभा राहिला. पकड समोर होती, कुंकवात माखलेली, तिच्यावर एक झेंडूचं फूल. हात पुढं केला की झालं. गोदूबाई काही उठून आली नसती, तिला गाईला सोडताच आलं नसतं. पण तिची नजर पाठीवर होती, आणि लहानपणापासून ती नजर पाठीवर असताना त्यानं कधी काही चोरलं नव्हतं. त्यातून मनात एक किडा वळवळत होताच. तिचंच खरं असलं तर? उचलली पकड, लागला दिवा, आणि वाटेत काही झालं तर? अशा वेळी माणसाची अक्कल चरायला जाते. जो रोज इंजिन खोलून बसतो त्याला एका झेंडूच्या फुलाची भीती वाटली.

तेव्हा कमला बोलली. एरवी नणंदेपुढं ती ब्र काढायची नाही. "तुम्ही दोघं भावंडं त्या पिराजीला धरून बसलात, आणि ही इथं मरतेय. अक्का, तुम्ही तरी हो म्हणा, नाहीतर अहो, तुम्ही तरी निघा. कुणीतरी एकानं मागं सरा."

गोदूबाईनं डोळे मिटून मान हलवली. नाही.

मग रघुपतीच मागं सरला. त्यानं कंदील पेटवला, वात वर केली, तांबडा पातळ कागद गुंडाळला आणि ट्रेलरच्या मागच्या फळीला सुतळीनं करकचून बांधला. एक दुसरा कंदील कमलेच्या हातात दिला आणि तिलाही मागं बसवलं. दोघींना मागं बसवताना त्याचं काय होत होतं ते त्यालाच ठाऊक. दिवेलागण झाली होती. घरोघरी निरांजनं लागली होती आणि कुणाच्या तरी घरी आरती चालू होती.

जीप गल्लीच्या टोकाला पोचली असेल नसेल. गोदूबाईनं फळीवर हात आपटला.

"थांबव रे."

त्यानं थांबवली. उतरून मागं आला. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तुंगा आडवी झालेली दिसली. पाय ताठ, डोळे उघडे. पोट अजून हलत होतं, आतल्या आत. थोड्या वेळानं तेही थांबलं. गोदूबाई रडली नाही. ती तुंगेच्या कानामागं खाजवत राहिली, रोज धार काढल्यावर खाजवायची तशी.

रात्रीच जीप-ट्रेलर तसाच परत दारात आणून लावला होता. दसऱ्याच्या सकाळी गाय न्यायला गाडी आली. त्याआधी रघुपतीनं अंघोळ करून उत्तरपूजा उरकली होती. सण कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. पाट उचलला, हत्यारं ओसरीच्या कोपऱ्यात सरकवून ठेवली. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. तुंगेला उतरवायला ट्रेलर जीपपासून सोडवून तिरका करावा लागला. एवढं ओझं आत, चार माणसं लोंबकळलेली, कडी आकड्यावर करकरत घासली. गाडी गेली. गोदूबाई ती वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभी राहिली आणि आत गेली.

रघुपतीनं रिकामा ट्रेलर धुतला. परत जीपला अडकवला, प्लग बसवला. काही कारण नव्हतं, नुसता हात गेला म्हणून बटण दाबलं. कमला अंगणात सडा घालत होती. तिच्या हातातली बादली खाली पडली.

"अहो, हा लागला."

रघुपती मागं आला. ट्रेलरचा दिवा लालभडक लागला होता. त्याला काही कळेना. पाना उचललेला नाही, पकड उचललेली नाही, तार जिथल्या तिथं. मग त्यानं वाकून पुढची कडी बघितली. हिरव्या रंगाच्या आत, जिथं आकडा घासला होता तिथं, बोटभर लोखंड चकचकीत उघडं पडलं होतं.

तो तिथंच खाली बसला. अहो, वीज तारेनं जाते, पण परत येते ती लोखंडातून, ट्रेलरच्या कडीतून जीपच्या आकड्यात. हे त्याला काय ठाऊक नव्हतं? स्वतःच तर जोडणी केली होती. पण नवमीसाठी नटवायच्या नादात त्यानं त्या कडीवर रंगाचा थरावर थर चढवला होता, आणि वाट बंद करून टाकली होती. तार कुठं तुटलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावभर सायकलवरून वळसा. पकड नको होती, पाना नको होता. रस्त्यावरचा दगड घेऊन कडी घासली असती तरी दिवा लागला असता. उलथनंसुद्धा चाललं असतं, आणि ते तर हातातच होतं.

त्याला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. पण त्याच क्षणी आणखी एक गोष्ट सुचली आणि तो उठून धावत आत गेला. गोदूबाई रिकाम्या गोठ्यात बसली होती.

"अक्का, बाहेर ये. तुला काही दाखवायचंय."

त्यानं तिला हाताला धरून ट्रेलरपाशी आणलं. केळीच्या पानाचा तुकडा दुमडून कडी आणि आकड्याच्या मधे सारला. दिवा विझला. तुकडा काढला. दिवा लागला. परत सारला, परत काढला. त्यानं सगळं सांगितलं, रंगाचं, लोखंडाचं, विजेचं. "हत्यार लागतच नव्हतं अक्का. तू नाही म्हणालीस त्यानं काहीसुद्धा बिघडलं नाही. तू हो म्हणाली असतीस तरी मी ती तारच उकरत बसलो असतो. माझ्या ब्रशानं घात केला. माझ्या. तुझा ह्यात काडीचा दोष नाही."

गोदूबाई दिव्याकडं बघत होती. मग तिची नजर ओसरीच्या कोपऱ्याकडं गेली, जिथं पाने-पकडी मोकळ्या पडल्या होत्या.

"उत्तरपूजा झाल्यावर दुरुस्त केलास होय?"

"नाही ग. हातसुद्धा लावला नाही. कमलेला विचार."

"ते खरं सांगतायत अक्का," कमला म्हणाली.

"सरी, असू दे," गोदूबाई म्हणाली. तिनं रघुपतीच्या गालाला हात लावला. "माझ्या हातून तुळशीची कुंडी फुटली होती तेव्हाही तू अण्णांपुढं जाऊन मीच फोडली म्हणालास. मार खाल्लास. केवढासा होतास तेव्हा."

"अक्का, ते वेगळं. हे खरं आहे. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ घेऊ नकोस रे. सणाचा दिवस आहे."

त्यानं पुन्हा पानाचा तुकडा घेतला. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि खाली टाकला. "पुरे झालं. तुझं मन मला कळत नाही का?"

फाटकात सत्यवती उभी होती, पलीकडच्या घरची, हातात दुधाचं भांडं घेऊन. तिला काही ठाऊक नव्हतं. गोदूबाई फाटकापर्यंत गेली आणि रोजच्यासारख्याच आवाजात म्हणाली, "आजपासून दूध नाही ग. गाय गेली. मी ह्याला हत्यार उचलू दिलं नाही, म्हणून गेली."

रघुपती मागं उभा होता. ट्रेलरचा दिवा उन्हात जळत होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्यापाशी जे खरं होतं ते सगळं सांगून झालं होतं.